पाडव्याचा भोपळा

"हे पुस्तक रशियन नाही!"

उल्कानं दचकून मान वर केली. टेबलासमोर एक उंच, सडपातळ मुलगा उभा होता. केसांतून पाणी ठिबकत होतं, नाक थंडीनं लालबुंद झालं होतं, आणि डोळे... डोळ्यांकडे तिनं नंतर पाहायचं ठरवलं.

बाहेर ॲन आर्बरचा मार्च महिना नेहमीप्रमाणे धड बर्फ नाही, धड पाऊस नाही अशी गिचगिच आभाळातून टाकत होता. मुलाचं जॅकेट चिंब झालं होतं. पण काखेतलं पुस्तक मात्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरडंठाक ठेवलं होतं.

उल्का मूळची नागपूरची. पुण्याला इंजिनिअरिंग केलं, तिथून अमेरिकेला आली, आणि आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांचा कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग सांभाळत होती. कॅटलॉगमध्ये चूक सापडली की लोक ईमेल करायचे. स्वतः भिजत येऊन भांडणारा हा पहिलाच.

"रशियन नाही, तर मग काय आहे?"

"बेलारूशी."

"पण अक्षरं तर रशियनच दिसतायत..."

"अक्षरं!" त्यानं डोक्याला हात लावला. "तुम्ही भारतीय ना? हिंदी बोलता?"

"मी मराठी आहे," उल्का जरा तोऱ्यातच म्हणाली.

"हिंदीची आणि मराठीची अक्षरं एकच ना?"

'मराठी म्हणजे एक प्रकारची हिंदीच ना,' असं विचारणाऱ्यांच्या अंगावर उल्का आजवर कितीदा तरी धावून गेली होती. आज डाव तिच्यावरच उलटला होता. त्या मुलानं पुस्तक उघडून एका अक्षरावर बोट ठेवलं. इंग्रजी वायसारखं दिसणारं अक्षर, आणि त्याच्या डोक्यावर इवलीशी चंद्रकोर.

"हे बघा. हे रशियनमध्ये नाही. फक्त आमच्याकडे आहे."

उल्कानं त्या चंद्रकोरीकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. तिनं पिवळ्या चिठ्ठीवर ठसठशीत 'ॲन आर्बर' लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. "ही बघा. तुमची टोपी आमच्या अक्षरालाही बसते."

तो खाली वाकला. चिठ्ठीवर एक थेंब पडला. मग त्यानं मान वर केली आणि तो पहिल्यांदाच हसला... तेव्हा मात्र उल्काला त्याच्या डोळ्यांकडे पाहावंच लागलं. करडे होते. बाहेरच्या आभाळासारखे, पण थंड मुळीच नाहीत.

"मी अलेस," तो म्हणाला. "आणि अशी अजून शेल्फभर पुस्तकं आहेत."

"मग रोज भांडायला येणार?"

"नाही... फक्त मंगळवारी."

अलेस तिथेच इतिहासात पीएचडी करत होता. युद्धानंतर अमेरिकेत आलेल्या बेलारूशी कुटुंबांनी आपली पुस्तकं ग्रंथालयाला दिली होती, आणि कोणीतरी ती सगळी एका झटक्यात रशियन म्हणून लावून टाकली होती. आता दर मंगळवारी दुपारी अलेस एकेक पुस्तक वाचून सांगायचा आणि उल्का दुरुस्ती करायची. काम खरं तर भराभर होण्यासारखं होतं. पण दोघांनाही कशाचीच घाई नव्हती, त्याला कोण काय करणार!

बोलणं अर्थात इंग्रजीतच चालायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते इंग्रजीत कळायला मार्ग नाही, पण ते दुसऱ्याच मंगळवारी झालं असावं.

"तुझी भाषा किती लोक बोलतात?" एकदा तिनं विचारलं.

"बोलू शकणारे पुष्कळ आहेत. बोलणारे कमी. आणि बोलायला लाजणारे सगळ्यांत जास्त." त्याच्या स्वतःच्या घरी रशियनच चालायची. चौदाव्या वर्षी तो मिन्स्कमधल्या एका बेलारूशी माध्यमाच्या शाळेत गेला आणि भाषेच्या प्रेमातच पडला. "पहिल्या दिवशी मी ट्रॉलीबसमध्ये शिरलो आणि बेलारूशीत 'दोब्री द्झेन' म्हणालो, म्हणजे नमस्कार. तिकीटवाली बाई माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, 'बाळा, तू खेड्यातून आलास, की विरोधी पक्षातून?'"

उल्का इतकी खळखळून हसली की पलीकडच्या टेबलावरून "शूऽऽ" आलं. पुढे सरकारनं ती शाळाच बंद केली. मास्तर आणि मुलं मग कोणाकोणाच्या घरी, बैठकीच्या खोलीत वर्ग भरवायला लागली. हेही तो हसतच सांगत होता. पण सांगताना स्वेटरची बाही त्यानं ओढून मुठीत घट्ट धरली होती, आणि ते उल्काच्या नजरेतून सुटलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जवळच्या नोव्हाय गावाहून सुनेत्रामावशी होती. "हो मावशी, येऊन राहिली नं मी शनिवारी... नाही नं, कामच करून राहिली..." फोन ठेवून पाहते तर अलेस टक लावून बघतोय.

"हा आवाज कोणाचा होता?"

"माझाच! आणखी कोणाचा?"

"नाही. माझ्याशी बोलतेस तो वेगळा. हा... हा हसतो."

उल्काच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये तिच्या 'करून राहिली'वर मुली फिदीफिदी हसल्या होत्या. तेव्हापासून घरच्या माणसांखेरीज कोणापुढे तिनं तो आवाज काढलेला नव्हता. "आमच्या नागपूरचा आहे तो," ती पुटपुटली.

"मग माझ्याशीही त्याच आवाजात बोल."

"तुला एक अक्षर कळणार नाही, यार!"

"न कळू दे. ऐकायला आवडेल."

असं कोणी बोलल्यावर त्या दिवशी पुस्तकं कुठून दुरुस्त व्हायला!

पंचवीस मार्चला अलेस तिला डेट्रॉइटजवळ हॅमट्रॅमिकला घेऊन गेला. एका जुन्या हॉलमध्ये बेलारूशी मंडळी जमली होती. भिंतीवर पांढरा-लाल-पांढरा झेंडा लावला होता. सरकारी झेंडा निराळा. हा मायदेशात काढायची सोय नाही, म्हणून इथे तो अगदी जपून, इस्त्री करून लावलेला. १९१८ साली याच दिवशी त्यांनी आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. ते वर्षभरही टिकलं नाही. पण त्याची सभा देशाबाहेर गेली, आणि एका पिढीकडून दुसरीच्या हाती जात ती आजतागायत भरते.

"बिनदेशाची संसद?" उल्का पुटपुटली.

"देश आहे. घराची किल्ली तेवढी बाहेर राहिली आहे," अलेस म्हणाला. "ज्या दिवशी मोकळी निवडणूक होईल, त्या दिवशी परत देऊन टाकायची."

त्याच आठवड्यात, निवडणूक खरी झालीच नाही म्हणत मिन्स्कच्या चौकात तरुण मुलंमुली बर्फात तंबू ठोकून बसली होती. अलेसच्या मित्राचा तिथून फोन आला. फोन या हातातून त्या हातात फिरला, आणि सगळा हॉल एकदम ओरडला, "झिवे बेलारूस!" शेजारची सुरकुतलेली म्हातारी डोळे पुसत ओरडत होती. त्याचा अर्थ 'बेलारूस अमर राहो' हे कळायच्या आत उल्काही ओरडून मोकळी झाली होती.

ती म्हातारी म्हणजे हानाआजी, अलेसच्या आजीची बहीण. पिन्स्कजवळच्या दलदलीतल्या एका खेड्यातून युद्धानंतर पोरवयात इथे आली होती आणि हॉलसमोरच्याच घरात राहत होती. तिनं उल्काच्या बशीत बटाट्याची गरमागरम धिरडी वाढली, ती संपवेपर्यंत समोर उभी राहिली, आणि मग अलेसकडे वळून काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली... मुलगी नीट जेवते." अलेस कानापर्यंत लाल झाला. म्हातारी याहून नक्कीच जास्त काहीतरी बोलली होती.

जुलैत ह्युरॉन नदीवर दोघं कनू ही अरुंद होडी घेऊन गेले. वल्ही मारायची होती दोघांनी, पण उल्काची वल्ही मुख्यतः अलेसवर पाणी उडवायच्या कामी येत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या भाषेत 'माझं प्रेम आहे' कसं म्हणतात?"

"कशावर, ते सांग. आईवर, बटाट्यावर, की..."

"बटाट्यावर!"

"त्याला एक शब्द आहे. रशियनमध्ये तोच शब्द सगळीकडे चालतो. आमच्याकडे मात्र मुलाचं मुलीवर असतं ना, त्याला वेगळा शब्द आहे. बटाट्याला तो लावता येत नाही."

"कोणता?"

अलेसनं वल्हं आडवं धरलं. "मंगळवारी विचारलं असतंस तरी सांगितला नसता. तो शब्द ग्रंथालयात बोलायचा नसतो."

"हे काय ग्रंथालय आहे?"

"होडीतही नाही. होडी उलटेल."

आणि मग विषय बदलण्यासाठी म्हणून तो हानाआजीच्या गावाबद्दल सांगायला लागला. तिथे रस्ते नव्हते, चहूकडे पाणी. मुलीला मागणी घालायला माणसं होडीतून यायची. बरोबर पाव आणायची. घरातलं वडील माणूस बोलणं करायचं, तेही आडून आडून, आणि मुलगी नको म्हणाली तर...

नेमकी तेव्हाच सर आली. उन्हातच आली, नदीवर टपटप वाजत. अलेसच्या पापणीवर एक थेंब येऊन थांबला. पडतोय... नाही पडत... पडतोय... उल्काचा सगळा जीव त्या थेंबात गोळा झाला. तिकडे अलेस बोलत होता, हातवारे करत होता, हातांनी काहीतरी मोठं, गोल दाखवत होता. पण ऐकतंय कोण!

"...आणि हो म्हणाली, तर मागणी घेऊन आलेल्या माणसाच्या खांद्यावर लाल भरतकामाचा टॉवेल बांधते. झालं, ठरलं लग्न!" थेंब पडला. "ऐकलंस ना सगळं?"

"सगळं!" उल्कानं ठोकून दिलं.

ही थाप तिला फार महागात पडायची होती.

ऑक्टोबरमध्ये झाडं लाल-पिवळी झाली आणि घराघरांच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसले. एका शुक्रवारी अलेस ग्रंथालयाच्या दारातच तिची वाट पाहत उभा होता. मिन्स्कहून उठून लिथुआनियातल्या विल्नियसला गेलेल्या एका बेलारूशी विद्यापीठानं त्याला शिकवायला बोलावलं होतं. मुलं सीमा ओलांडून तिथे शिकायला येत होती, मास्तर कमी पडत होते.

"हा सोमवार नाही, पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय," तो म्हणाला. "पण त्याआधी मला तुझ्याकडून एक ऐकायचंय. तुला... म्हणजे... माझ्याबरोबर..." बाही पुन्हा मुठीत गेली. "नाही. असं नको. रविवारी हानाआजीला घेऊन तुझ्या मावशीकडे येतो. आमच्याकडे मोठी माणसं विचारतात. तू तेव्हा उत्तर दे. तू नाही म्हणालीस तर मी जाईन, आणि मग इकडे परतणार नाही."

"आणि हो म्हणाले तर?"

"मग तू आणि मी मिळून ठरवू," तो म्हणाला आणि पळाल्यासारखा निघून गेला. उल्का पायऱ्यांवर उभीच राहिली. काळीज असं धडधडत होतं, की झाडावरची उरलीसुरली पानं तेवढ्यानंच गळून पडावीत.

रविवार म्हणजे दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा! सुनेत्रामावशीनं नोव्हायच्या घराला कंदील लावला होता आणि ताटभर फराळ मांडला होता. मावशीला उल्कानं कानात सांगून ठेवलं होतं, की आज कोणीतरी काहीतरी विचारेल. "म्हणजे रशियन जावई!" मावशी म्हणाली. "रशियन नाही, मावशी! बेलारूशी! तुला कोणी गुजराती म्हटलं तर चालेल?" "बरं बाई, बरं. चिडून कायले राहिली?"

ठीक चारला पाहुणे आले. हानाआजींच्या डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल होता, आणि हातात भरतकामाच्या कापडात गुंडाळलेला मोठा, गोल, काळसर पाव. "कशाला उगीच!" म्हणत मावशीनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि आत नेऊन ठेवला. अलेसनं टाय लावला होता. टाय वाकडा होता, आणि उल्काला तो सरळ करण्याची इतकी अनावर इच्छा झाली की ती चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाली.

आतून तिला तुटकतुटक ऐकू येत होतं. हानाआजींचा खर्जातला आवाज. मग मावशीच्या नवऱ्याचं, श्रीरंगकाकांचं, गडगडाटी हसू. मग काका म्हणतायत, "...अहो, तळ्याकाठी ढिगानं असतात! पण पकडायचे नाहीत हं, फाइन बसतो!"

उल्का चहा घेऊन आली. आता विचारतील... आता... चकली झाली, चिवडा झाला, लाडू झाला. कोणीच काही विचारेना. हानाआजी तिच्याकडे आशेनं पाहत होत्या, अलेस तिच्याकडे पाहत होता, आणि ती त्या दोघांकडे. शेवटी पाहुणे उठले.

"रिकाम्या हातानं पाठवायचं का?" मावशीची लगबग सुरू झाली. हानाआजींना हळदकुंकू लावलं. "उल्का, काकांचा तो भोपळा आण! तुझ्या हातानं दे."

मागच्या अंगणात हरणांपासून राखलेला, काकांच्या उन्हाळाभराच्या मेहनतीचा तो लाल भोपळा उल्कानं छातीशी धरून आणला. विचारलं नाही म्हणून काय झालं, निदान देताना बोटांना बोटं तर लागतील! तिनं तोंडभर हसून तो अलेसच्या हातांत दिला. बोटं लागलीही. पण अलेसचा चेहरा खर्रकन उतरला.

"हा... तू देतेस? तू स्वतः?"

"मग! माझ्या हातानं."

"नक्की?"

"नक्की! सगळ्यांत मोठा निवडलाय!"

हानाआजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. अलेसनं वाकून काका-मावशींचे आभार मानले, भोपळा उचलला आणि खाली मान घालून गाडीकडे चालायला लागला.

मंगळवारी तो आला नाही. फोन उचलला नाही. बुधवारी एका ओळीची ईमेल आली: 'सगळ्याबद्दल आभार. मला समजलं. यापुढे त्रास देणार नाही.'

"समजलं? काय समजलं याला?" उल्का कॉम्प्युटरवरच खेकसली. विचारायचं त्यानं, ते विचारलं नाही, आणि वर समजलं म्हणे! म्हणजे विल्नियसला जायचं आधीच ठरलेलं होतं. बायकांच्या भावना म्हणजे याला काय पोरखेळ वाटला? ती रागावली, रडली, पुन्हा रागावली. दोन दिवस तिनं एकही पुस्तक दुरुस्त केलं नाही. शनिवारी नोव्हायला गेली ती सुजलेले डोळे घेऊन.

रविवारी सकाळी मात्र तिला राहवेना. सोमवार आता तोंडावर आला होता. तिनं हानाआजींच्या घरी फोन लावला.

"भोपळा खाल्ला," पलीकडून कोरडा आवाज आला. "दूध घालून लापशी केली. गोड निघाला. आभार. आता आणखी काय हवंय?"

"आजी... तुम्हाला आवडला नाही का?"

"मुली, भोपळा कोणाला आवडतो? पोरगं आठ दिवस जेवलेलं नाही!"

"पण का? मी काय केलं?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग हानाआजींनी सावकाश, एकेक शब्द वेचून विचारलं, "तुमच्याकडे... मागणी घालायला आलेल्याला भोपळा दिला की त्याचा अर्थ काय होतो?"

"काही नाही! त्याची भाजी होते!"

"अरे देवा," हानाआजी म्हणाल्या. "आमच्या गावात त्याचा अर्थ नाही असा होतो. जा, आला तसा परत जा. अलेस म्हणाला, मी स्वतः तिला हे सांगितलंय. सगळं ऐकलंय तिनं."

होडी. सर. पापणीवरचा थेंब. अलेसच्या हातांनी दाखवलेलं ते मोठं, गोल काहीतरी... भोपळाच दाखवत होता तो!

"पण तुम्ही मागणी घातलीच नाही!" ती ओरडली.

"नाही कशी? मी म्हटलं, आमचा हंस एकटा पडलाय, तुमच्या अंगणात एक हंसी आहे असं ऐकलं. तुझे काका म्हणाले, फाइन बसेल! आणि पाव ठेवून घेतलात. पाव घेणं म्हणजे हो. पाव घ्यायचा आणि वर भोपळा द्यायचा... एवढं आयुष्य गेलं, पण असली माणसं पाहिली नाहीत!"

"आजी, तो कुठाय?"

"समोर हॉलमध्ये. मुलांना शिकवतोय. उद्या विल्नियसला कळवणार, आणि मग कायमचा जाणार." आवाज एकदम मऊ झाला. "मुली... गाडी वेगात चालवता येते का तुला?"

गाडी काकांनी चालवली. ते पुण्याचे, तरीही सिग्नल पाळत पाळत, आणि पुण्याचेच म्हणून स्वतःची बाजू मांडत. "मला वाटलं, ते कॅनडा गीज, तळ्यावरचे रानहंस! आता कोणी म्हणालं हंस हरवला, तर माणूस काय समजणार?"

"तुम्ही नं बोलूच नका!" मावशी कडाडली. "पाडव्याच्या दिवशी पाहुण्याले भोपळा दिला! तोही माझ्याच घरातून! आणि ही म्हणे सगळं ऐकलं. कुठं पाहून राहिली होती गं?"

उल्काच्या मांडीवर एक पिशवी होती. निघता निघता तिनं मावशीचं कपाट उघडलं होतं. नागपूरहून येताना मावशी दरवेळी आहेराचं सामान आणायची, इथल्या लग्नामुंजींत पुरुषांना द्यायला. टॉवेल-टोपी! पांढराशुभ्र टॉवेल, दोन्ही टोकांना लाल काठ. भरतकाम नव्हतं, पण त्याला आता इलाज नव्हता.

हॉलमध्ये अलेस फळ्यापुढे उभा होता. मुलं बुटक्या खुर्च्यांवर बसून त्याच्या बेलारूशी प्रश्नांना बिनदिक्कत इंग्रजीत उत्तरं देत होती. हुबेहूब नोव्हायच्या मराठी शाळेसारखी! पहिल्या रांगेत हानाआजी ताठ बसल्या होत्या. पाठमोरा अलेस चंद्रकोरीचं ते अक्षर लिहीत होता, आणि त्याचे खांदे पार पडलेले होते.

ती आत शिरली ती थेट हानाआजींपुढे जाऊन उभी राहिली. टॉवेल झटकून उलगडला, त्यांच्या उजव्या खांद्यावरून घेऊन डाव्या कमरेशी आणला, आणि घट्ट गाठ मारली.

अलेसच्या हातातला खडू खाली पडला.

"उल्का... हे काय आहे तुला माहीत आहे?"

"टॉवेल. हे मी ऐकलं होतं." "भोपळ्याचं नाही ऐकलं. मी... त्या वेळी तुझ्या पापणीकडे बघत होते."

"पण तू म्हणालीस... सगळ्यांत मोठा निवडलाय!"

"आमच्यात भोपळा म्हणजे नुसता भोपळा असतो रे, गाढवा!"

मुलं खिदळायला लागली. तेवढ्यात मावशीनं पुढे होऊन अलेसच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली, अगदी रीतसर. टोपी लहान पडली आणि एका कानावर कलली. "जावईबापू," ती मराठीतच म्हणाली, "चूकभूल द्यावी घ्यावी."

"आणि पाव?" हानाआजी टॉवेल कुरवाळत काकांवर गरजल्या. "माझा पाव कुठाय? पाव कापायचा असतो!"

काका चाचरले. "तो... सोमवारीच संपवला. ठेचा लावून. फारच छान होता हो."

हानाआजींनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्या हसतायत हे कळल्यावर सगळा हॉल हसायला लागला. अलेस मात्र हसत नव्हता. तो उल्काच्या अगदी जवळ आला होता.

"विल्नियसचं काय करू?" त्यानं हळूच विचारलं. "तू सांग. मी जात नाही."

किती सोपं होतं, नको जाऊ म्हणणं! उल्कानं फळ्याकडे पाहिलं. सीमा ओलांडून येणारी ती मुलं तिला दिसली, आणि कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत बेलारूशी शिकणारा एक चौदा वर्षांचा मुलगाही.

"उद्या हो म्हणून कळव," ती म्हणाली. "पण भोपळा घेऊन नाही जायचं. टॉवेल घेऊन जायचं. उन्हाळ्यात मी येतेच आहे. ग्रंथालयं तिथेही असतील, आणि तुमची पुस्तकं कोणी ना कोणी रशियन म्हणून लावून ठेवलेलीच असतील."

अलेसचे करडे डोळे भरून आले. "मग एकदा सांग मला. तुझ्या त्या आवाजात. नागपूरच्या."

उल्कानं आजूबाजूला पाहिलं. मावशी, काका, हानाआजी, बुटक्या खुर्च्यांवरची मुलं, सगळे श्वास रोखून बघत होते. आणि तिला अजिबात लाज वाटली नाही.

"प्रेम करून राहिली नं बावा मी तुझ्यावर!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मार्चपासून करून राहिली!"

अलेसला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही, आणि सगळं कळलं. त्यानं टोपी सावरली, वाकला, आणि ग्रंथालयात बोलायचा नसतो तो शब्द अखेर बोलला.

"या त्स्याबे कखायू, उल्का."

मुलांनी "ईऽऽ" करत तोंडं झाकली आणि बोटांच्या फटीतून बघत टाळ्या पिटल्या. मावशी पदर शोधत होती, आणि जीन्सला पदर नसतो हे लक्षात येऊन काकांच्या बाहीला डोळे पुसत होती.

हानाआजी उठल्या, टॉवेलची गाठ नीट केली, आणि काकांसमोर जाऊन बोट नाचवत म्हणाल्या, "आणि तुम्ही! पुढच्या वर्षी अंगणात काकड्या लावा."